तागडी आणि लाल दुलई

वालेन्ती बरानने बांधलेला पडाव कधी कलंडला नाही, हे येंझोर गावात सगळे मान्य करायचे. कोळसा भरण्याआधी तो दोन्ही अंगांना वाळूची पोती टाकून बघायचा. एक उचलून इकडे, एक तिकडे, आणि पडाव पाण्यावर सरळ बसल्याशिवाय कोणाला फावडं उचलू द्यायचा नाही. खाणीची माणसं वैतागायची. "अरे बाबा, कोळसा भरायचाय, बिशपला नाही बसवायचंय त्यात!" वालेन्ती ऐकून घ्यायचा आणि आणखी एक पोतं हलवायचा. गावाने एखाद्याच्या गुणाचं फार कौतुक केलं की पुढे तोच गुण त्याच्या मानगुटीवर बसतो. वालेन्तीचं तसंच झालं.

त्याचं घर पांढऱ्या प्शेम्शा नदीच्या अगदी काठाला होतं. हा काठ ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा. समोरचा, जिथली कोंबडी ओरडली तर इथे ऐकू यायची, तो रशियाच्या झारचा. आणि थोडं खाली, जिथे काळी प्शेम्शा येऊन मिळते, तिथला तिसरा काठ जर्मनीच्या कैसरचा. तीन सम्राट आणि मधे गुडघाभर चिखल. तिन्ही काठांवरची माणसं पोलिश बोलायची, एकाच देवाला गुडघे टेकायची, एकसारख्या शिव्या द्यायची. पुलावरच्या शिपायाला परवाना दाखवला की कोणीही कुठेही जाऊन बटाटे विकून संध्याकाळी घरी यायचं.

म्हणूनच वालेन्तीने थोरला मुलगा पलीकडे देताना फारसा विचार केला नव्हता. त्याची बायको अपोलोनिया समोरच्या निव्का गावची. तिच्या भावाला मूलबाळ नव्हतं, घर मात्र चांगलं होतं, खाणीत वजनही होतं. तेव्हा थोरला क्लिमेक मामाच्या नावावर चढला, दत्तक गेला. थोरल्याला तिकडचं घर, धाकट्या लुद्विकला इकडचं. दोन्ही अंगांना सारखं वजन. वालेन्तीला हिशेब पसंत पडला होता.

नावाबरोबर झारही आला, हे नंतर कळलं. क्लिमेकने झारच्या फौजेत नोकरी काढली, एक दात पाडून आणि रशियन शिव्या शिकून परत आला, आता राखीव फौजेत नाव ठेवून निव्काच्या खाणीत काम करत होता. मामा मागेच वारला, घरात तो एकटाच. आणि लुद्विक क्राकुवच्या पलटणीत सम्राटाची बंदूक वाहत होता. उन्हाळ्यात त्याला कापणीसाठी रजा मिळाली, तो घरी आला, आणि त्याच सुमारास दूर कुठेतरी बोस्नियात ऑस्ट्रियाचा युवराज एका सर्बाच्या गोळीने मारला गेला.

"युवराज मेला त्याचं आपल्याला काय," वालेन्ती म्हणाला.

"तुझी दोन पोरं दोन राजांची आहेत, म्हाताऱ्या," अपोलोनिया म्हणाली. "तुला नाही तर कोणाला काय?"

त्या दिवसापासून वालेन्ती रविवारी चर्च सुटल्यावर घरी यायचा बंद झाला. तो थेट रोझालियाच्या गुत्त्यात जायचा.

रोझालिया विधवा होती. गुत्त्याच्या मागच्या खोलीत ती धान्यही विकायची, म्हणून तिथे एक मोठी पितळी तागडी छताला टांगलेली होती. रविवारी तिन्ही काठांची माणसं तिथे बियर प्यायला जमत. युवराज मेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी वाद इतका पेटला की मिस्लोवित्सेचा मुकादम पिका उठला आणि ती तागडी काढून सरळ टेबलावरच्या हुकाला अडकवली.

"तोंडाची वाफ कशाला दवडता? वजन करा," तो म्हणाला. "एक दाणा म्हणजे फौजेची एक कोर. चाळीस हजार माणूस."

पिका जर्मनीचा. तरुणपणी कैसरच्या तोफखान्यात होता आणि अजून मिशांना मेण लावायचा. त्याने जर्मनीसाठी बाकल्याचे मोठाले दाणे निवडले. ऑस्ट्रियासाठी लाल घेवडा. दोन्ही एका पारड्यात. रशियाच्या बाजूने बोलायला निव्काचा धान्याचा व्यापारी लाइझेर होता. त्याने ओंजळभर वाटाणे ओतले.

"हे काय? मूठ भरून काय टाकतोस? मोज!" पिका ओरडला.

"झारलाच अजून मोजता आलेले नाहीत, मी कुठून मोजू?" लाइझेर म्हणाला.

"आणि माझा बाकला तुझ्या तीन वाटाण्यांएवढा आहे, तो?"

"खातोस जास्त, म्हणून मोठा आहे."

सगळे हसले. फ्रान्ससाठी मसूर आली, रशियाच्या पारड्यात पडली. तिसरा भिडू बेनेदिक्त, हा आमच्या काठावरचा, नाक्यावरून निवृत्त झालेला जकात शिपाई. त्याने इटली म्हणून एक कांदा आणला. करार बघितला तर कांदा जर्मनीच्या पारड्यात. पण बेनेदिक्तचा भाचा तिकडे इटलीच्या हद्दीवर नोकरीला होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे इटालियन माणूस पगार घेताना आपला आणि लढताना परका. म्हणून कांदा दर थोड्या वेळाने या पारड्यातून त्या पारड्यात जायचा. इंग्लंड म्हणजे मिठाचा खडा. तो बेनेदिक्तच्या खिशातच राहिला, कारण इंग्लंड येईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि सर्बियासाठी, जिच्यावरून हे सगळं चाललं होतं, रोझालियाने एक मिरी दिली. ती कोणीतरी चुकून गिळली.

वालेन्ती कोपऱ्यात उभा राहून बघत होता. इतरांसाठी तो रविवारचा खेळ होता. त्याचा जीव मात्र त्या काट्याला टांगलेला होता. त्याला वाटत होतं, एवढं एकदा नक्की कळलं की पुढचं सोपं आहे. मुलांमधल्या एकाला नदी ओलांडायला लावायची, म्हणजे दोघं एका काठावर येतील. भाऊ भावावर गोळी झाडणार नाही. पण कोणी ओलांडायची? जो ओलांडेल तो फौजेतून पळालेला ठरेल. ज्या राजाकडून पळाला तो राजा हरला तर ठीक. जिंकला तर पोराला झाडाला लटकवेल. म्हणून आधी कोण जिंकणार हे कळायला हवं. त्याचं डोकं असं चालायचं आणि, खरं सांगायचं तर, त्यात चूक काढणं सोपं नव्हतं.

त्याच रविवारी संध्याकाळी क्लिमेक पूल ओलांडून जेवायला आला. अपोलोनियाने आंबट कोबी आणि बटाट्याचे गोळे केले होते. लुद्विक भावाच्या डोक्यावर आपली फौजी टोपी घालून बघत होता.

"शोभते रे तुला. ये आमच्याकडे. आमच्याकडे चहा नसतो, पण कॉफी असते."

"तुमच्या कॉफीत शेंगदाणे असतात की लाकडाचा भुसा, ते आधी ठरवा," क्लिमेक म्हणाला. "तूच ये. आमच्याकडे अधिकारी तरी दुपारनंतर शुद्धीवर नसतात."

"दोघंही गप्प बसा," वालेन्ती म्हणाला. "हा खेळ नाही."

बापासमोर आवाज चढवायची दोघांनाही सवय नव्हती. वालेन्तीने मग आपला विचार सांगितला. एकाने यायचं किंवा एकाने जायचं. कोणी, ते तो ठरवेल.

"बाबा, मी आजच राहतो ना इथे," क्लिमेक म्हणाला. "परत जातच नाही. झालं."

"आणि उद्या झार जिंकला तर? हे गाव त्याचं होईल. पहिला तुला शोधत येतील."

"मग मी जातो तिकडे," लुद्विक म्हणाला.

"आणि सम्राट जिंकला तर?"

पोरं एकमेकांकडे बघून हसली. अपोलोनिया हसली नाही. "कोणीही जिंकू दे," ती म्हणाली, "दोघं एका ठिकाणी असले की मी त्यांना तळघरात कोबीच्या पिंपामागे लपवीन. मला जिंकणाऱ्याशी काय करायचंय?"

"तुला कळत नाही."

"हो, मला कळत नाही. मी फक्त त्यांना जन्म दिला."

शेवटी असं ठरलं. क्लिमेकने आपल्या घरी थांबायचं, लुद्विकने इथे. कोणी आपल्या मनाने हलायचं नाही, कारण एक इकडे आला आणि त्याच वेळी दुसरा तिकडे गेला तर हसावं की रडावं कळायचं नाही. वालेन्तीने ठरवलं की क्लिमेकने यायचं, तर घराच्या कुंपणावर पिसांची लाल दुलई वाळत घालायची. ती क्लिमेकच्या अंगणातून दिसते. दिसली की त्याने निघायचं, पुलाने जमलं तर पुलाने, नाहीतर पाण्यातून. लुद्विकने जायचं ठरलं तर तो आपला जाईलच.

"दुलई लवकर टाका, बाबा," क्लिमेक निघताना म्हणाला. "आईच्या हातचा कोबी खाऊन खाणीत जायला जिवावर येतं." त्याने आईच्या हाताची पापी घेतली आणि शीळ घालत पुलाकडे गेला.

त्यानंतर वालेन्ती दर रविवारी पारड्यांकडे बघत बसला. एके दिवशी जर्मनीची बाजू खाली गेली. त्याने घरी येऊन दुलई काढायला सांगितली. अपोलोनिया पेटी उघडेपर्यंत त्याला आठवलं की आज लाइझेर आला नव्हता, वाटाणे कमी पडले असतील. "राहू दे," तो म्हणाला. पुढच्या वेळी लाइझेर आला, रुमानिया म्हणून मूठभर जव घेऊन आला, आणि काटा दुसरीकडे गेला. मग पिकाने जर्मन रेल्वे म्हणून तंबाखूची डबी ठेवली. त्यावर लाइझेरने विचारलं, डबी कधीपासून लढायला लागली? अर्धा तास त्यावर वाद. शेवटी, कांदा मधोमध धरल्यावर, काटा अगदी सरळ उभा राहिला. बेनेदिक्तने टाळी वाजवली.

"बघा! बरोबरी! बरोबरी असली की कोणी हात उचलत नाही. युद्धच होणार नाही. प्या रे, माझ्याकडून!"

सगळे प्यायले. वालेन्तीही प्यायला. त्या संध्याकाळी तो घरी गाणं म्हणत आला, असं लग्नानंतर दुसऱ्यांदाच झालं असेल. त्याच आठवड्यात ऑस्ट्रियाने सर्बियाला दम भरला.

जुलैच्या शेवटच्या रविवारी गुत्त्यात बसायला जागा नव्हती. कोणी हसत नव्हतं. पारडी भरून चालली होती, तरी वालेन्ती प्रथमच पुढे झाला आणि त्याने विचारलं, "ते राहू दे. मला एवढंच सांगा, वेळ किती आहे?"

पिकाने मिशीवरून हात फिरवला. या विषयावर त्याचा अधिकार होता आणि त्याला ते माहीत होतं. "रशियाला?" तो म्हणाला. "अरे, त्यांच्या गावाला बातमी पोचायलाच आठवडा जातो. माणसं गोळा करायची, बूट शोधायचे, गाडी शोधायची, गाडीला इंजिन शोधायचं. सहा आठवडे. आमच्या सेनापतींनी मोजलंय. सहा आठवड्यांत एक रशियन शिपाई हलणार नाही."

"खरं का, लाइझेर?"

लाइझेर एरवी झारची बाजू सोडायचा नाही. आज त्याने खांदे उडवले. "गोण्या पाठवायला मला वॅगन मिळत नाही महिना महिना. फौजेला कुठून मिळणार?"

दोन्ही बाजूंचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. वालेन्तीच्या छातीवरचं ओझं उतरलं. सहा आठवडे म्हणजे सहा रविवार. तेवढ्यात इटली काय करते ते कळेल. मिठाचा खडा खिशातून निघतो का ते कळेल. मग नक्की ठरवता येईल.

बुधवारी अपोलोनियाने न विचारता दुलई पेटीतून काढली आणि दाराकडे निघाली. त्याने तिचा हात धरला.

"रविवारपर्यंत थांब."

"वालेन्ती, काल रात्री सर्बियावर तोफा सुरू झाल्या. पाद्री सांगत होता. तू अजून काय मोजतोयस?"

"मी आजवर एक पडाव उलटू दिला नाही," तो म्हणाला. "हा उलटू देईन?"

तिने दुलई परत पेटीत ठेवली. नवऱ्याचं ऐकायची तिला सवय होती, आणि त्या सवयीबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

शुक्रवारी सकाळी दोन्ही काठांवर एकदम ढोल वाजले. समोरच्या काठावरून चर्चची घंटाही येत होती, थांबतच नव्हती. इकडे पाटील दारोदार लाल कागद चिकटवत फिरला. रजा रद्द, सगळ्यांनी आपापल्या पलटणीत हजर व्हायचं. दोन जेंडार्म, म्हणजे सम्राटाचे फौजी पोलीस, दारात उभे राहिले आणि लुद्विकचं नाव घेऊन ओरडले. त्याने अर्धी भाकरी खिशात घातली. आईच्या पाया पडला, बापाच्या हाताची पापी घेतली.

"क्लिमेकला सांगा, दुलई बघून ये म्हणावं. मी सुटीवर आलो की कॉफी पाजतो."

तो गेला. एका क्षणात सगळा हिशेब संपला होता, कोण जिंकणार हे न कळताच. आता लुद्विक पलीकडे जाऊ शकत नव्हता. म्हणजे क्लिमेकनेच यायचं. वालेन्ती धावत काठावर गेला तर पूल बंद, त्यावर काटेरी तार आणि बंदुका रोखलेले शिपाई. त्यातला एक त्याचाच ओळखीचा होता. "मागे हो, बरानबाबा," तो म्हणाला. "पाण्यात जो दिसेल त्याला गोळी घालायचा हुकूम आहे. कोणीही असो." दुलई आता टाकली असती तर पोरगं नदीत उतरलं असतं आणि इकडच्याच गोळीने मेलं असतं. अपोलोनिया पेटीवर बसून राहिली.

शनिवार असाच गेला. रविवारी पहाटे वालेन्ती काठावर आला तेव्हा समोर काहीतरी वेगळं वाटलं. झारचा झेंडा नव्हता. पहारेकऱ्यांची चौकी उघडी होती आणि आतून एक मांजर बाहेर येत होतं. पुलावरचा ओळखीचा शिपाई तारेला टेकून उभा होता.

"गेले," तो म्हणाला. "रात्रीत सगळे गेले. एक गोळी न झाडता. आमच्या साहेबाला कळत नाहीये काय करायचं."

"मी जाऊ?"

शिपायाने इकडेतिकडे पाहिलं आणि तार पायाने बाजूला सारली. "लवकर या."

आयुष्यात प्रथमच वालेन्ती बरान परवाना न दाखवता त्या पुलावरून गेला. निव्काच्या रस्त्यावर कागद उडत होते. क्लिमेकच्या घराचं दार उघडं होतं. चूल थंड, वाडग्यात वाळलेला लापशीचा थर. त्याने नाव घेऊन हाक मारली. मागच्या घरातून मार्ता बाहेर आली, ही क्लिमेकची शेजारीण, दोन खाणकामगारांची आई.

"नाही तो," ती म्हणाली. "शुक्रवारी पहाटेच नेलं. ढोल वाजायच्याही आधी. राखीव फौजेतली खाणीतली सगळी माणसं. माझी दोन्ही पण. स्टेशनात गाडी तयार उभी होती, इंजिन लावून."

"सहा आठवडे लागतात," वालेन्ती म्हणाला.

"कशाला?"

वालेन्तीने घराचं उघडं दार ओढून लावलं.

"हद्दीवरची माणसं पहिली नेतात म्हणे, पळून जाऊ नयेत म्हणून," मार्ता म्हणाली. "क्लिमेक पळाला असता तर वेळ होता हो त्याला. मंगळवारपासून खाणीत गेला नव्हता. इथेच बाकावर बसून होता. बूट दोरीने बांधून गळ्यात, गाठोडं शेजारी. मी म्हटलं, वेड्या, जायचं तर जा ना, पूल उघडा आहे अजून. तर म्हणाला, आमचे बाबा मोजतायत. त्यांचं मोजून झालं की कळवतील."

ती आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. त्यात एक सदरा, दाढीचा वस्तरा आणि आईसाठी घेतलेला चहाचा पुडा होता. वालेन्तीने ते दोन्ही हातांत धरलं. किती हलकं होतं ते.

तो बाकावर बसला, पोरगा बसायचा तिथे. समोर नदी होती, उन्हाळ्यातली, उथळ. एखादं धडधाकट पोर बोलता बोलता चालत पार करेल इतकी. पलीकडे त्याचं स्वतःचं घर होतं. ते इकडून त्याने कधी पाहिलंच नव्हतं, निदान असं बसून.

घराचं दार उघडलं. अपोलोनिया बाहेर आली. पूल मोकळा झाल्याचं तिला कोणीतरी सांगितलं असावं. तिच्या दोन्ही हातांत दुलई होती. तिने ती कुंपणावर पसरली, कोपरे ओढून सरळ केली, आणि कपाळावर हात धरून इकडे बघत उभी राहिली.

लाल रंग उन्हात इतका स्पष्ट दिसत होता की वालेन्तीला तिच्यावरची शिवणही मोजता आली असती. त्याने मान खाली घातली. हात करून तिला काय सांगायचं, हे त्याला कळेना. ती वाट बघत उभी होती आणि तो पोराच्या बाकावर बसून होता.